समुद्रफुलाच्या पदराखाली

रात्री मत्स्यालयाच्या टाकीचा दिवा मंदावला की चिमूटभर पूड-खाद्य पाण्यात सोडावं आणि काचेशी डोळे नेऊन बसावं. समुद्रफुलाच्या कडेला, शुंडकांच्या आडून एक खेकडा पुढे सरकतो. पांढुरक्या अंगावर तांबूस ठिपके, पाठ जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी. तोंडाजवळच्या अवयवांवर बारीक केसांचे दोन पंखे असतात. एक उघडायचा, पाण्यातून फिरवायचा, मिटून तोंडाशी न्यायचा, तोवर दुसरा उघडायचा. कोळ्यानं पाग फेकावा आणि ओढून घ्यावा, तसं. नांग्या मोठ्या आहेत, पण त्या धाक दाखवायला. पोट भरतं ते या दोन जाळ्यांवर.

हा पोर्सेलीन खेकडा, निओपेट्रोलिस्थिस मॅक्युलेटस. खऱ्या खेकड्याला नांग्यांखेरीज पायांच्या चार जोड्या दिसतात, याला तीनच. चौथी इवलीशी होऊन दुमडलेली असते. आपल्या किनाऱ्यावर शंख पाठीवर घेऊन फिरणाऱ्या खेकड्यांशी याचं नातं अधिक जवळचं.

समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, हे नावापुरतं फूल. हा प्रवाळाचा नातलग प्राणी आहे. त्याच्या शुंडकांत दंशपेशी असतात आणि चुकून शिवलेला लहान मासा तिथेच गारद होतो. त्याच शुंडकांत हा खेकडा निर्धास्त राहतो, कारण त्याला खाणारे मासे तिकडे फिरकत नाहीत.

ही जोडी घरात आणायची, तर आधी पाणी सांभाळायला शिकावं लागतं. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही. आरओच्या पाण्यात मत्स्यालयाचं समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास, तापमान २४ ते २७ अंश. आपल्याकडच्या उन्हाळ्यात म्हणूनच चिलर लागतो आणि वीज गेली तर हवेचा पंप चालवायला बॅटरीही. रोज पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून घटलेली पातळी गोड्या पाण्यानंच भरायची. तिथे खारं पाणी ओतलं, की टाकी दिवसेंदिवस खारट होत जाते.

दुसरी गोष्ट सबुरीची. खडकांवर वाढणारे जिवाणू विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. ही घडी नीट बसेपर्यंत समुद्रफूल आणू नये. निदान सहा महिने थांबावं. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात आणि प्रकाशात अन्न तयार करून त्याला देतात, म्हणून दिवा प्रखर हवा. रंग उडून पांढरं पडलेलं फूल दुकानात कितीही देखणं दिसलं तरी घेऊ नये; ती शैवालं गमावल्याची खूण असते. तोंड घट्ट मिटलेलं आणि तळपाय न फाटलेला असावा. नवख्यांना बुडबुड्यासारख्या शुंडकांचं एन्टॅक्मिया त्यातल्या त्यात सोपं. जागा पटली नाही तर ते चालू लागतं, तेव्हा पंपाच्या तोंडाला स्पंज बांधलेला हवाच. पंपात चिरडलेलं एक समुद्रफूल सगळी टाकी नासवू शकतं. माशांच्या औषधातलं तांबंही या दोघांना घातक.

एका सकाळी टाकीच्या तळाशी आमचा खेकडा निश्चल पडलेला दिसला. नांग्या, पाय, ठिपके, सगळं जागच्या जागी. चिमट्यानं उचलला, तर हलकं, पोकळ कवच हाती आलं. कात टाकलेला धनी फुलाच्या पदराखाली दडून बसला होता. नवं कवच घट्ट होईपर्यंत त्याला तोच आसरा. तुटलेली नांगीसुद्धा अशी कात टाकता टाकता परत येते.

एक मर्यादा मात्र पाळायची. प्रवाळांना भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. टाकी सजवायला प्रवाळखडक आणू नये, किनाऱ्यावरूनही उचलू नये.

नीट सांभाळलं, तर समुद्रफूल किती टिकतं तेही ऐका. स्कॉटलंडमध्ये १८२८ साली सर जॉन डॅलिएल यांनी किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणून समुद्राच्या पाण्याच्या बरणीत ठेवलं. ते १८५१ साली वारले. फूल मात्र १८८७ पर्यंत जगलं, कारण त्यांच्यामागे एकेकानं ती बरणी सांभाळली, पाणी बदललं. लोक त्या फुलाला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी म्हणत.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरच्यांबरोबर बसून एवढंच ठरवा: दिवाळीला आठ दिवस गावी गेलो, तर टाकीत गोडं पाणी कोण भरेल? ते नाव पक्कं झालं, की मगच समुद्रफूल घरी आणा.