मोळी सोडली की हातचा कळतो



आपली पोरं उजळणी घडाघडा म्हणतात, याचा आम्हां सर्वांना अभिमान. पण त्यातल्याच एखाद्याला ‘पस्तीस लिही’ म्हटलं की तो पाटीवर ५३ मांडतो. मग आपण म्हणतो, “पोरगं ढ आहे!” ढ नाही हो. मराठीत पाच आधी बोलायचे आणि तीस मागून. लिहिताना मात्र तिनाचा अंक आधी. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे २९. ही अडचण ओळखूनच २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशीही वाचनाची रीत दिली गेली. तिच्यावर राज्यभर वाद झाला. वाद काही असो, दहा म्हणजे काय हे मुलाच्या हाताला कळले पाहिजे, हे खरे.

ही काही आजची गोष्ट नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांना शिकवताना महागडी साधने आणली नाहीत. खडे, शिंपले, बिया, पाने हेच त्यांचे साहित्य.

आपल्याकडेही काड्यांना तोटा नाही. दहा काड्यांची एक मोळी बांधायला लावा. पस्तीस म्हणजे तीन मोळ्या नि पाच सुट्या. आता बत्तिसातून सतरा काढायचे. दोन सुट्यांतून सात निघत नाहीत. मग एक मोळी सोडा; सुट्या झाल्या बारा. त्यातून सात गेल्या, पाच उरल्या. मोळ्या राहिल्या दोन, त्यातली एक गेली. उत्तर पंधरा. ‘हातचा’ कुठून आला, हे मुलाने डोळ्यांनी पाहिले. नंतर मोळ्यांची चित्रे काढू द्यावीत, आणि मग नुसते अंक. काड्या कायमच्या नकोत, पण घाईने काढूनही घेऊ नयेत.

हे पोराटोरांचे खेळ वाटतील. पण आपल्या वजनाच्या पावतीकडे बघा. भरलेली गाडी १४ टन २३० किलो, रिकामी ४ टन ७८० किलो. २३० मधून ७८० निघत नाहीत. मग एक टन सोडायचा, म्हणजे हजार किलोंची मोळीच! १,२३० मधून ७८० गेले, ४५० उरले. निव्वळ ऊस ९ टन ४५० किलो. इथे चुकलो तर वर्षभराच्या घामाचा पैसा चुकतो. ज्याला ही वजाबाकी येत नाही, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते.

म्हणून आमची विनंती एवढीच : रात्री जेवणानंतर दहा मिनिटे पोरांना घेऊन अंगणात काड्या मांडून बसा, मुलींनाही बसवा. फडावर आलेल्या तोडणी कामगारांची लेकरं जवळ आली, तर त्यांच्याही हातात एक मोळी द्या.