गोड्या-खाऱ्या पाण्याची वेस



मुंबईला गेलं की राणीची बाग आणि चौपाटी पाहून परतायचं, ही आपली रीत. यंदा माघात आम्ही मंडळी मुद्दाम ट्रॉम्ब्याच्या धक्क्यावर गेलो. अणुभट्टीचं गाव एवढंच ऐकून होतो. समोर पाहिली ती ठाण्याची खाडी आणि ओहोटीनं उघडा पडलेला चिखल.

या खाडीला ठाण्याच्या अंगानं उल्हास नदीचा अरुंद फाटा मिळतो, खालून समुद्राची भरती चढते. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा जोर, उन्हाळ्यात खाऱ्याचा. ट्रॉम्ब्याच्या उत्तरेस, वाशी ते ऐरोली पुलांच्या दरम्यान, शासनानं २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, म्हणजे चार हजार एकरांहून जास्त. २०२२ साली त्याला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ऐरोलीला वनखात्याचं केंद्र आहे. तिथून भरतीची वेळ पाहून नाव सुटते.

काठाला तिवरांचं रान. आपल्याकडं रान खारवट झालं की ऊस पिवळा पडतो. तिवर मात्र मिठातच वाढतं. बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं, उरलेलं पानांवाटे बाहेर टाकतं. श्वासासाठी मुळं चिखलातून वर काढतं. शिवाय दिवसातून दोनदा ओहोटी खाडीचा निचरा करते. आपण उसाला पाट भरभरून पाणी देतो, पण निचऱ्याचा चर काढत नाही. मग मीठ वर येणार नाही तर काय?

चिखलात हजारो फ्लेमिंगो माना खाली घालून चरत होते. त्यातले छोटे फ्लेमिंगो शेवाळावर जगतात, त्यातूनच पिसांना गुलाबी रंग येतो. जाणकार सांगतात, शहराच्या सांडपाण्यानं हे शेवाळ माजतं. म्हणजे पाखरांना मेजवानी! पण धक्क्यावरचे एक वयस्क नाखवा म्हणाले, "पयल्यासारखी मासली नाय गावत आता." एकाच पाण्यानं एकाचं पोट भरतं, दुसऱ्याचं जाळं रिकामं राहतं.

आपल्या नद्या या खाडीला मिळत नाहीत, हे खरं. तरी वावरातलं जादा पाणी असो की कारखान्याचं सांडपाणी, नजरेआड झालं म्हणजे संपलं असं होत नाही. खाली कुणाच्या तरी दारात ते जातंच. पाणी मिळवायला आपण जन्म घालवला. आता ते जातं कुठं, हेही आपणच पाहिलं पाहिजे. प्रत्येकानं येत्या पावसाळ्याआधी आपल्या बांधावरचा चर तेवढा एकदा तपासावा.