थरथरत्या पत्र्यावरचे खेळाडू

पोळ्याला आपल्या परभणीकडे घरोघरी मातीचे बैल पूजतात. घरात कुणी बैल घडवतो, कुणी शिंगे रंगवतो. असाच जोडकामाचा छंद अमेरिकेत आहे, ‘इलेक्ट्रिक फुटबॉल’. तिकडचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ. न्यूयॉर्कच्या ट्यूडर कंपनीच्या नॉर्मन सास यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो टेबलावर आणला.

विजेने पत्र्याचे मैदान थरथरते आणि त्यावरच्या बाहुल्या सरकतात. पण त्या भरकटतात, जागीच गिरक्या घेतात, मुले वैतागतात. खरी मेख तळाच्या बारीक प्लॅस्टिकच्या काड्यांत आहे. त्या किंचित वाकवल्या की खेळाडू सरळ धावतो किंवा हवा तसा वळतो. म्हणून हौशी मंडळी कामे वाटून घेतात. एक गणवेश रंगवतो, दुसरा काड्या जुळवतो. मला वाटते, हा खेळ टिकला तो अशा हातांमुळेच.