शेवटचं कोण?

स्पेनला हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेली जागाच घेऊ, असा हट्ट मी धरला तो आईसाठी. बाबा गेल्यापासून तिचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. त्यात मधुमेह, आणि तिथली हॉटेलं रात्रीचं जेवण देणार साडेआठ-नऊनंतर! म्हणून मालागाला समुद्राजवळ छोटा फ्लॅट घेतला.

तिथली अतारासानास मंडई म्हणजे मूळची मुस्लिम राजवटीतली जहाजांची गोदी. १४व्या शतकातली संगमरवरी कमान अजून उभी आहे. आतली लोखंडी मंडई १८७९ची.

मासळीपाशी गर्दी होती, पण रांग नाही. शेजारच्या बाईंनी रीत दाखवली. आल्यावर विचारायचं, 'उल्तिमो?' म्हणजे शेवटचं कोण? जो 'मी' म्हणेल, त्याच्यामागे आपला नंबर.

तिसऱ्या दिवशी मी भाजीपाशी रेंगाळले, तर इकडे आईनंच 'उल्तिमो?' विचारून टाकलं! तिनं बोकेरोनेस घेतले; आपल्या मांदेलीच्याच कुळातले, चंदेरी, बोटाएवढे. मी आणलेली कोथिंबीर पार्सली निघाली. 'वास घेऊन बघायचा नाही का गं?' कित्येक महिन्यांनी आई मला रागावली. घरून नेलेलं हळद-तिखट लावून, मैद्यात घोळवून तिनं मासे तळले आणि स्वतःही पोटभर जेवली.

तिकडे जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं : मंडई दुपारी तीनपर्यंतच, रविवारी बंद. हे माझ्या नव्हे, आईच्या लक्षात राहिलं. शनिवारी रात्री पाहिलं, तर ओट्यावर काबुली चणे भिजत घातलेले. उद्या काय करायचं, ते तिनं ठरवलं होतं.