चष्मा गेला, पण डोळा तोच आहे

गेल्या काही महिन्यांत आरोग्याच्या या पानाकडे डोळ्यांविषयी जे प्रश्न आले, त्यांतले बरेचसे एकाच जागी अडलेले होते. मुलाचा किंवा मुलीचा नंबर मोठा आहे, लेसर करून घ्यायला गेलो, डॉक्टरांनी तपासून लेसर होणार नाही असे सांगितले आणि त्याच बैठकीत डोळ्यात लेन्स बसवून घ्या म्हणाले. ही लेन्स मोतीबिंदूची का? आयुष्यभर टिकते का? आणि कर्ज काढून बसवावी का?

आम्ही याचे उत्तर एका मुलीच्या हकिकतीवरून देतो. ती आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून शिकली, आज २६ वर्षांची आहे आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिने आणि तिच्या आईने लिहायला परवानगी दिली, फक्त नाव घालू नका म्हणाल्या.

तिचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ११ होता. उणे ११ म्हणजे चष्मा काढला की नाकासमोर ९ सेंटिमीटरच्या पलीकडचे सगळे धूसर. शाळेत तिला 'ढापणी' म्हणत. रात्री चष्मा उशाशी नसला तर मोरीपर्यंत चाचपडत जायची. लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावताना चष्मा आड यायचा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरून पाहिल्या, पण वस्तीत पाणी ठरावीक वेळी येते, हात धुणे, डबी स्वच्छ ठेवणे जमेना. दोनदा डोळे लाल झाले तेव्हा सोडून दिल्या. स्थळे बघायला लागल्यावर चष्म्याचा विषय घरात रोजचाच झाला.

लेसर का नाकारले, हे तिला कोणी नीट सांगितले नव्हते. तिच्या कागदांवरचे आकडे पाहून आम्ही हिशेब मांडला. लेसरने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेची, म्हणजे कॉर्नियाची, जाडी तासून नंबर घालवतात. कॉर्निया साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. एक नंबर घालवायला ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन तासावे लागतात. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) तिचा कॉर्निया ४९० मायक्रॉन होता. नेहमीच्या लेसरमध्ये वरची पापुद्र्यासारखी झाकणी उचलतात, ती सुमारे ११० ची. अकरा नंबरांचे तासकाम दीडशेच्या घरात. खाली उरतात २३०. निदान २५० तरी उरलेच पाहिजेत असा डॉक्टरांचा दंडक आहे, कारण त्याहून पातळ झालेला कॉर्निया आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगू शकतो, आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. म्हणजे 'नाही' म्हणणारे डॉक्टर तिच्या भल्याचेच बोलत होते. अशा डोळ्यावर कमी पैशात लेसर करून देतो असे कोणी म्हणत असेल, तर तिथून उठून यावे.

आता लेन्सकडे येऊ. मोतीबिंदूत आपले नैसर्गिक भिंग काढून त्या जागी कृत्रिम बसवतात. इथे नैसर्गिक भिंग काढत नाहीत, कॉर्नियाही तासत नाहीत. डोळ्याचा रंगीत पडदा आणि त्यामागचे नैसर्गिक भिंग यांच्या मधल्या फटीत एक पातळ, मऊ जादा लेन्स सरकवतात. आयसीएल हे नाव सगळ्यात जास्त ऐकू येते; ती अमेरिकेच्या स्टार सर्जिकल कंपनीची. तिथल्या औषध प्रशासनाने तिला २००५ मध्ये मान्यता दिली आणि मधोमध बारीक भोक असलेल्या नव्या प्रकाराला मार्च २०२२ मध्ये. आपल्याकडे आयपीसीएल नावाची लेन्स बडोद्याची केअर ग्रुप ही कंपनी बनवते, ती परदेशी लेन्सपेक्षा स्वस्त पडते. मधले भोक जेमतेम ०.३६ मिलिमीटरचे, पण कामाचे आहे. डोळ्यात सतत पाणी तयार होऊन मागून पुढे वाहत असते. वाट अडली तर दाब चढतो. जुन्या प्रकारात त्यासाठी आधी रंगीत पडद्याला लेसरने छिद्र पाडावे लागे. भोकवाल्या लेन्समुळे ते टळले.

शस्त्रक्रिया फार लांबत नाही. थेंबांनी डोळा बधिर करतात, सुमारे तीन मिलिमीटरची चीर देतात, गुंडाळी केलेली लेन्स आत सोडतात, ती आत उलगडते. एका डोळ्याला पंधरा-वीस मिनिटे, टाका नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दाब पुन्हा तपासून घ्यावाच लागतो. घरी आल्यावर डोळा ठणकू लागला, डोके दुखून उलटी झाली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. दाब चढल्याची ती खूण असते.

खरी मेहनत शस्त्रक्रियेच्या आधीच्या मापात आहे. आयसीएल चार आकारांत येते आणि ती आत किती उंच कमान करून बसते यावर पुढचे सगळे अवलंबून असते. तिच्यात आणि नैसर्गिक भिंगात पाव ते पाऊण मिलिमीटर अंतर राहावे अशी अपेक्षा असते. फार कमी राहिले तर भिंगाला घासून किंवा त्याचे पोषण अडून लवकर मोतीबिंदू होऊ शकतो. फार जास्त झाले तर पाण्याची वाट दाबली जाऊन काचबिंदूची भीती. आकार चुकलाच तर लेन्स काढून दुसरी घालता येते, आणि ही एक गोष्ट लेसरला कधीच जमणार नाही. म्हणून माप घेण्याआधी कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारून तंतोतंत पाळा.

तिच्या बाबतीत हे सगळे नीट झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घराच्या दारातून समोरच्या चाळीच्या पत्र्यावरचा गंज पाहिला आणि आईला हाक मारली. जाड उणे काचेतून सगळे लहान दिसते; ती काच गेल्यावर अक्षरे, माणसांचे चेहरे, सगळेच मोठे वाटायला लागले. आत लेन्स आहे हे जाणवत नाही, ती धुवावी लागत नाही, ठरावीक वर्षांनी बदलावी लागत नाही. लेसरनंतर होते तशी कोरड्या डोळ्यांची तक्रारही कमी असते. रात्री मात्र गाड्यांच्या दिव्यांभोवती वलये दिसत. पहिले दोन महिने तिने वडिलांची दुचाकी अंधारात चालवली नाही. नंतर वलये राहिली, पण त्यांच्याकडे लक्ष जाईना. बहुतेकांचे असेच होते. काहींना ती कायम खुपतात. रात्रपाळीचा रिक्षाचालक असेल तर त्याने हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

पथ्ये ठाऊक असतात तीच. काही आठवडे थेंब, डोक्यावरून पाणी नाही, धूळ-धूर टाळायचा. एप्रिलच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया केलेल्या एका मुलाला आम्ही १४ तारखेच्या मिरवणुकीत निळ्या गुलालात नाचताना पाहिले आहे. त्याचे नशीब म्हणायचे. डोळे चोळणे मात्र कायमचे बंद. कॉर्नियाच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो, तो कॉर्नियातले पाणी उपसून त्याला स्वच्छ ठेवतो. या पेशी मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. चोळून चोळून त्यांची झीज वाढवायची नाही, आणि दरवर्षी त्या मोजून घ्यायच्या.

दरवर्षी. इथेच आमच्या मुलीचे चुकले. तिचे म्हणण्यापेक्षा सगळ्यांचे. पहिल्या वर्षी ती तपासणीला गेली, दुसऱ्या वर्षी नाही. दिसते तर उत्तम, मग पाचशे-सातशे रुपये आणि एक खाडा कशाला? साधारण अडीच वर्षांनी तिला उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे होऊ लागले, आणि एके दिवशी अचानक काळ्या ठिपक्यांचा थवा दिसायला लागला. आईला सांगितले तर आई म्हणाली, "अगं, ऑपरेशन करून घेतलं ना? मग आता परत डोळ्यांचं काय काढलंस? झोप होत नसेल." आईला बोल लावण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी त्या घराला लेन्सचे सगळे सांगितले गेले होते, पडद्याचे कोणी बसवून सांगितले नव्हते.

मोठा उणे नंबर येतो तो डोळ्याचा गोळा लांबट झाल्यामुळे. लांबट गोळ्यात मागचा पडदा ताणला जातो, कडेला विरळ होतो, कधी फाटतो. फाटलेल्या जागेतून पाणी मागे शिरले की पडदा सुटून येतो आणि दृष्टी जाऊ शकते. लेन्सने नंबर झाकला. गोळ्याची लांबी होती तेवढीच राहिली. म्हणजे चष्मा गेला तरी डोळा उणे अकराचाच आहे, आणि त्याचा धोकाही तोच. अचानक ठिपके वाढणे, विजेसारखे चमकणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली येणे, यातले काहीही झाले तर त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठायचा.

ती चौथ्या दिवशी गेली. लॅबमधल्या मॅडमनी हाताला धरून सरकारी रुग्णालयात पाठवले म्हणून. बाहुली मोठी करून पाहिल्यावर पडद्याच्या कडेला चीर सापडली; पडदा सुटला नव्हता. लेसरने चिरेभोवती कडे करून ती जागा बंद केली. आत बसवलेली लेन्स तशीच ठेवून हे झाले. आज तिला नीट दिसते. आणखी आठवडा गेला असता तर काय झाले असते, हे विचारायला ती धजली नाही, आम्हीही नाही.

आता, कोणी बसवावी? आमचे मत स्पष्ट आहे. नंबर तीन-चार असेल आणि चष्म्याने काम भागत असेल, तर यासाठी बचत गटाचे कर्ज काढू नका. नंबर मोठा असेल, लेसर नाकारले असेल आणि कामात खरोखर अडचण असेल, तर विचार करावा. वय २१ च्या पुढे हवे, वर्षभरात नंबर अर्ध्याहून जास्त हललेला नसावा, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात लेन्सला पुरेशी जागा हवी आणि त्या पेशींची संख्या वयाच्या मानाने चांगली हवी. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने थांबावे. चाळिशी गाठलेल्यांनी हेही ऐकावे की वाचायचा चष्मा यानंतरही लागतोच. जाड उणे चष्मा घालणाऱ्याला तो जरा उशिरा लागतो, लेन्स बसवल्यावर ती सवलत जाते. लग्न ठरले म्हणून महिनाभर आधी घाईने बसवून घेणे तर अजिबात नको. आणि नंबर सासरपासून लपवू नका. मोठा नंबर घराण्यात उतरतो, तेव्हा उद्या होणाऱ्या मुलांचे डोळे शाळेत जाण्याआधी तपासले पाहिजेत, हे दोन्ही घरांना माहीत असलेले बरे.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी वेगळे सांगतो. डोळ्यातली लेन्स डॉक्टरांच्या यंत्राखाली लगेच दिसते, ती लपत नाही. रेल्वेच्या सहायक लोको पायलटसारख्या पदाला लेसर किंवा नंबर घालवण्याची दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार चालत नाही. पोलीस, सैन्य, निमलष्करी दलांचे नियम निरनिराळे आहेत. आधी त्या वर्षीच्या जाहिरातीतला वैद्यकीय भाग वाचा, मग डोळ्याला हात लावू द्या. चष्म्यासह पात्र असलेला मुलगा शस्त्रक्रिया करून अपात्र ठरावा, यासारखे वाईट काही नाही.

पैशांचे म्हणाल तर परदेशी लेन्स दोन्ही डोळ्यांना मिळून लाखाच्या पुढे जाते. आमच्या मुलीच्या घरी वडिलांनी पीएफमधून रक्कम उचलली आणि उरलेली गटातून घेतली; हप्ते अजून चालू आहेत. नोकरीच्या ठिकाणचा किंवा स्वतःचा आरोग्य विमा असेल तर एक गोष्ट तपासा. विम्याच्या नेहमीच्या अटींत ७.५ पेक्षा कमी नंबरच्या उपचाराचा खर्च वगळलेला असतो. नंबर त्याहून मोठा असेल तर ही अट आड येत नाही, तेव्हा शस्त्रक्रियेआधीच कंपनीला लेखी विचारावे. या कुटुंबाला हे नंतर कळले. धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी राखीव खाटा असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटा, मात्र लेन्सची किंमत त्यात बसेलच असे धरून चालू नका. वार्षिक तपासणीला खासगीतच गेले पाहिजे असे नाही. मुंबईत जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, इथल्या नेत्र विभागात पडदा आणि दाब पाहतात. खाडा होतो आणि रांग असते, एवढेच.

शेवटी कार्डाचे. लेन्स बसवल्यावर एक छोटे कार्ड मिळते. त्यावर लेन्सचा प्रकार, नंबर, आकार आणि क्रमांक असतो. साठीच्या आसपास मोतीबिंदू होईल तेव्हा ही लेन्स काढून त्याच वेळी मोतीबिंदूची बसवता येते, आणि तेव्हाच्या डॉक्टरांना हे कार्ड हवे असेल. आमच्या मुलीचे कार्ड शस्त्रक्रियेच्या औषधांच्या पिशवीत पडून होते, सरकारी रुग्णालयात विचारले तेव्हा घरभर शोधावे लागले. आता तिच्या आईने त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या आहेत आणि मूळ कार्ड जातीच्या दाखल्याच्या आणि वैधता प्रमाणपत्राच्या फाइलीत ठेवले आहे. त्या घरात ती एकच फाइल कधी हरवत नाही.