चौघांचा संसार

१९६१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रविक्रेत्यांकडे दहा सेंट किंमतीचें चित्रकथांचें एक पातळसें पुस्तक विक्रीस आलें. त्याचें नांव ‘फॅन्टास्टिक फोर’. लेखन स्टॅन ली ह्यांचें व चित्रें जॅक कर्बी ह्यांचीं. अशा पुस्तकांस अमेरिकेंत कॉमिक म्हणतात, आणि त्यांतील अचाट सामर्थ्याचे वीर तेथील मुलांच्या चांगल्या परिचयाचे होते. अंगाला घट्ट बसलेला रंगीत पोषाख, बहुतेकांच्या तोंडावर मुखवटा, एरव्हीं साधें नांव व साधा व्यवसाय, आणि प्रसंग पडला कीं दुष्टांचें निर्दालन, असा त्यांचा ठराविक क्रम असे. त्यांचे संघहि निघाले होते. १९६० सालीं दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेनें ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ हा संघ स्वतंत्र पुस्तकरूपानें पुढें आणला होता. परंतु तो संघ म्हणजे एखाद्या मंडळाची कार्यकारी समिति! संकट आलें कीं सभा भरावयाची. टळलें कीं जो तो आपल्या गांवीं. ली व कर्बी ह्यांच्या चौघांना परत जाण्यास दुसरें घरच नव्हतें. छप्पर एक, पैसा एक, आणि भांडावयासहि एकमेकांवांचून दुसरें कोणी नाहीं.

कथेचा आरंभ एका अपराधापासून होतो. आणि तो ध्यानांत न घेतला तर पुढचें सारें केवळ मारामारीचें वाटेल. १९६१ च्या एप्रिलच्या १२ तारखेस रशियाचा युरी गागारिन अंतराळांतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता, व ती गोष्ट अमेरिकेच्या मनाला लागून राहिली होती. कथेंतील शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्‌स ह्यानें एक अग्निबाण सिद्ध केला आहे. तो चालवावयाचा त्याचा कॉलेजांतील सोबती बेन ग्रिम ह्यानें. बेन हा महायुद्धांत विमान चालविलेला मनुष्य. अंतराळांतील विश्वकिरणांचा पुरता अभ्यास झालेला नाहीं, अग्निबाणाचें कवच त्यांना अडवील असा भरंवसा नाहीं, असें तो स्पष्ट बजावतो. तेव्हां रीडची वाग्दत्त वधू स्यू स्टॉर्म त्याला भित्रेपणाचा टोमणा मारते. टोमणा झोंबतो आणि बेन उड्डाणास तयार होतो. स्यूचा धाकटा भाऊ जॉनी, बहीण निघाली म्हणून निघतो. पहारेकऱ्याला चुकवून चौघेहि उडतात, आणि बेनचें म्हणणें खरें ठरतें. किरण कवचांतून आरपार जातात व अग्निबाण जमिनीवर येऊन आदळतो.

स्यूचें शरीर दिसेनासें होतें, रीडचें रबरासारखें ताणलें जाऊं लागतें, जॉनीच्या अंगाला ज्वाळा फुटतात व तो आकाशांत उडतो. हे तिघे वाटेल तेव्हां मूळ रूपावर येऊं शकतात. बेनचें तसें नाहीं. त्याची कातडी जाड, नारिंगी व खडबडीत होते. पुढें पुढें तर ती विटांच्या भिंतीसारखी रेखाटली जाऊं लागली. बळ अलोट येतें, पण माणसाचा चेहरा गेला तो गेलाच. त्याला पाहून भेदरलेल्या स्यूच्या तोंडून ‘थिंग’, म्हणजे ‘वस्तु’, असा शब्द निघतो, आणि तोच शब्द बेन आपलें नांव म्हणून उचलतो. शत्रूनें ठेवलेलें नांव मनुष्य झुगारूं शकतो. घरच्या माणसानें भीतीच्या भरांत ठेवलेलें नांव मात्र चिकटून बसतें. बेनच्या मनांत स्यूविषयीं ओढा होता, हेंहि पहिल्याच अंकांत सुचविलेलें आहे.

येथून रीडच्या माथीं जें ऋण चढतें, तें फिटण्याच्या जातीचें नाहीं. प्रयोगशाळेंत तो उपायामागून उपाय करतो. त्यांतला एखादा घटकाभर लागू पडतो, बेन माणूस होतो आणि पुनः दगड होतो. बेन कधीं संतापून वस्तू फोडतो, कधीं थट्टेवारी नेतो, पण घर सोडून जात नाहीं. निदान फार दिवस जात नाहीं. रुसवेफुगवे तर सर्वांचेच. तिसऱ्या अंकाच्या अखेरीस जॉनी रागावून चालता होतो, आणि चौथ्यांत उरलेले तिघे न्यूयॉर्कभर त्याला शोधीत फिरतात. १९६२ च्या नवव्या अंकांत तर रीडचा शेअरबाजारांतील पैसा बुडून चौघांचें दिवाळें वाजतें, व पोटासाठीं त्यांना हॉलिवुडला चित्रपटांत काम करण्यास जावें लागतें. जगाला वाचविणारे वीर पैशाच्या विवंचनेंत पडलेले वाचकांनीं पूर्वीं क्वचितच पाहिले असतील.

ह्या ऋणाची सर्वांत सुंदर कथा १९६६ सालच्या ५१ व्या अंकांत आहे. रीडच्या कीर्तीनें जळणारा एक शास्त्रज्ञ कपटानें बेनचें दगडी रूप स्वतः घेतो आणि रीडच्या घरांत शिरतो. खरा बेन माणूस होऊन सांगूं लागतो, तर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. इकडे रीड दुसऱ्या एका विश्वाचा शोध घेण्यासाठीं कमरेला दोर बांधून निघतो आणि दोराचें टोंक ह्या तोतयाच्या हातीं देतो. नुसतें सोडून दिलें तरी वैऱ्याचा कांटा निघाला असता. परंतु रीड हें सारें कीर्तीसाठीं नव्हे तर पृथ्वीच्या रक्षणासाठीं करतो, आणि ह्या मित्रावर आपला जीव निःशंकपणें टाकतो, हें त्या मत्सरी मनुष्यास उमगतें. तो रीडला परत पाठवितो व स्वतः तेथें मरतो. त्याच क्षणीं खरा बेन माणसाच्या रूपांत आपल्या प्रियेच्या, अलिशिया मास्टर्स ह्या अंध शिल्पकार स्त्रीच्या, दारांत पोहोंचलेला असतो. दार उघडण्यापूर्वींच त्याचा देह पुनः दगडाचा होतो आणि तो मुकाट्यानें घरीं परततो. वीस पानांच्या ह्या कथेंत मारामारी जवळजवळ नाहींच.

बेनमध्यें कर्बीनें स्वतःचें पुष्कळ ओतलें होतें. कर्बीचें मूळ नांव जेकब कुर्ट्‌झबर्ग. १९१७ सालीं न्यूयॉर्कच्या पूर्वेकडील गरीब व दाटीच्या वस्तींत, ऑस्ट्रियाहून आलेल्या ज्यू आईबापांच्या पोटीं तो जन्मला, आणि गल्लींतल्या पोरांशीं मारामाऱ्या करीत वाढला. बेनच्या बालपणीची यान्सी स्ट्रीट ही तेथल्या डिलॅन्सी स्ट्रीटवरूनच घेतलेली आहे. बेन ज्यू असल्याचें मात्र कथेंत २००२ सालीं उघड झालें. १९६५ च्या विशेषांकांत रीड व स्यू ह्यांचें लग्न लागतें, तेव्हां ली व कर्बी स्वतः पाहुणे म्हणून येतात आणि दारावरूनच परत पाठविले जातात, असा विनोद केलेला आहे. पांच वर्षांनीं, १०२ अंकांनंतर, कर्बी खरोखरच बाहेर पडला. ह्या कुटुंबाचा जनक कोण, हा वाद दोघांच्याहि हयातींत मिटला नाहीं.

स्यूच्या बाबतींत हें कुटुंब फारसें अभिमानास्पद नव्हतें, हेंहि सांगितलें पाहिजे. प्रारंभीं तिच्याकडे अदृश्य होण्यापलीकडे काम नसे, आणि ती काय उपयोगाची, अशी पत्रें वाचकांकडून येत. १९६३ च्या ११ व्या अंकांत रीड व बेन तिची बाजू घेतात. पण दाखला देतात अब्राहाम लिंकनच्या आईचा! एवढ्या वकिलीपेक्षां मौन बरें होतें. १९६४ सालीं तिला अदृश्य कवच उभारण्याची शक्ति मिळाली, आणि हळूहळू चौघांत तीच सर्वांत समर्थ ठरली. तरीहि लग्न होऊन, मूल होऊन, मध्यंतरीं १९७३ च्या सुमारास नवऱ्यापासून वेगळी राहूनहि तिचें नांव ‘अदृश्य मुलगी’ असेंच राहिलें. त्यांतील ‘मुलगी’ जाऊन ‘स्त्री’ हा शब्द आला तो १९८५ सालीं.

१९६८ सालचें तिचें बाळंतपण हा ह्या संसारांतला सर्वांत कठीण प्रसंग. २०२५ सालच्या चित्रपटानेंहि तिच्या बाळाभोंवतींच आपली कथा गुंफली आहे. मूळ कथेंत स्यूच्या रक्तांत भिनलेले विश्वकिरण बाळाच्या व तिच्या जिवावर उठतात. ज्या उड्डाणानें बेनचा चेहरा हिरावला, त्याचेंच हें उरलेलें विष. त्यावरील उपाय एका भयंकर प्रतिविश्वांतून आणावयाचा असतो. रीड निघतो, जॉनी निघतो, आणि बेनहि निघतो. मूल सुखरूप जन्मास येतें. त्याचें नांव फ्रँक्लिन बेंजामिन. पहिलें स्यूच्या वडिलांचें, दुसरें बेनचें. इंग्रजींत त्या मुलाला जॉनी आणि बेन ह्या दोघांसाठींहि शब्द एकच. मराठींत जॉनी त्याचा मामा होतो, आणि रक्ताचें कांहींहि नातें नसलेला बेन काका.