बॅकअपचा बाजार : प्रत ठेवणे सोपे, परत मिळवणे अवघड

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबईच्या सखल भागांतील तळमजले पाण्याखाली गेले. त्यात घरे होती, तशाच छोट्या कचेऱ्या, दुकाने आणि कारखान्यांचे गाळेही होते. भिजलेल्या यंत्राची किंमत ठरवता येते. विमा असेल तर भरपाईही मागता येते. परंतु संगणकाच्या हार्ड डिस्कवरील उधारीची खाती, ग्राहकांचे पत्ते आणि जुन्या कामांचे आराखडे बाजारात पुन्हा विकत मिळत नाहीत. माहितीची प्रत सीडीवर काढून ती त्याच टेबलाच्या खणात ठेवण्याची सवय अनेकांना असते. अशी प्रत मूळ संगणकाबरोबरच भिजते, जळते किंवा चोरीला जाते.

प्रत दुसऱ्या जागी असावी, या साध्या गरजेवर ‘ऑनलाइन बॅकअप’चा व्यवसाय उभा राहिला. दोन दशकांत तो बराच विस्तारला आणि सोपाही झाला. मात्र दरमहा पैसे भरणाऱ्या छोट्या कंपनीला नेमके काय मिळते, याविषयीचा गैरसमज अद्याप कायम आहे.

काम कसे चालते?

या सेवेचा एक छोटा प्रोग्रॅम कंपनीच्या संगणकावर बसवला जातो. तो ठरावीक वेळी फायली तपासतो, त्या सांकेतिक रूपात कुलूपबंद करतो आणि इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे पाठवतो. पहिल्या खेपेला सर्व माहिती जाते. त्यानंतर केवळ बदललेला भाग. दहा संगणकांवर एकच फाइल असेल तर अनेक सेवा ती एकदाच साठवतात. त्यामुळे जागा वाचते आणि इंटरनेटवरील भारही कमी होतो.

भारतात ही सेवा उशिरा रुजण्याचे एक कारण वेगात होते. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट वेगाची जोडणीही ‘ब्रॉडबँड’ ठरत असे. त्या वेगाने १० जीबी माहिती पाठवायला अखंड साडेतीन दिवसांहून अधिक काळ लागतो. एवढा वेळ कचेरीची लाइन अडवून ठेवण्यापेक्षा सीडी बरी, असे व्यापाऱ्याला वाटणे स्वाभाविक होते.

स्वस्त दरामागचे गणित

अमेरिकेत २००५ च्या सुमारास कार्बोनाइट आणि मोझी या सेवा पुढे आल्या. ठरावीक रक्कम भरा आणि हवी तेवढी माहिती ठेवा, असे त्यांचे आकर्षण होते. यामागचे गणित खाणावळीच्या ‘अमर्याद थाळी’सारखेच. बहुतेक ग्राहक थोडेच वाढून घेतील आणि त्यांच्या पैशांतून अधिक घेणाऱ्यांचा खर्च निघेल. छायाचित्रे व चित्रफितींचा आकार वाढत गेला, तसे हे गणित बिघडू लागले. मोझीने २०११ मध्ये अमर्याद योजना बंद केली. २००७ मध्ये स्थापन झालेल्या बॅकब्लेझने अमर्याद योजना टिकवली. पण दरमहा ५ डॉलरचा दर २०१९ पासून टप्प्याटप्प्याने वाढवत २०२३ मध्ये ९ डॉलरवर नेला.

या क्षेत्रात पुण्याचेही नाव आहे. जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोथंडरामन यांनी २००८ मध्ये पुण्यात ‘द्रुवा’ ही कंपनी सुरू केली. कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपवरील माहिती जपणे, हे तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. २०१९ मध्ये १३ कोटी डॉलरचे भांडवल उभारताना तिचे मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर गेले. अशा कंपन्यांना स्वतःची सर्व्हरची कोठारे बांधण्याची गरज उरली नाही. अॅमेझॉनने २००६ मध्ये साठवणुकीची जागा भाड्याने देण्यास सुरुवात केली आणि २०१६ मध्ये मुंबईतही आपले केंद्र उघडले. सेवा एकाची आणि जागा दुसऱ्याची, अशी रचना आता सर्रास आढळते.

मालक बदलतो, दुकान मिटते

ग्राहकाच्या दृष्टीने खरी जोखीम इथे सुरू होते. मोझी २००७ मध्ये ईएमसीने विकत घेतली. २०१६ मध्ये ईएमसीच डेलकडे गेली. २०१८ मध्ये मोझी जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे कार्बोनाइटच्या हाती आली आणि २०१९ मध्ये कार्बोनाइट ओपनटेक्स्टने घेतली. सुरुवातीपासूनच्या ग्राहकाने बारा वर्षांत पाच मालक पाहिले.

मालक बदलला तरी सेवा चालू राहते. दुकान मिटले तर तेही नाही. अमेरिकेतील निर्व्हॅनिक्स या कंपनीने सप्टेंबर २०१३ मध्ये ग्राहकांना आपली माहिती हलवण्यासाठी अवघ्या दोन आठवड्यांची मुदत दिली. पुढे ती थोडी वाढवण्यात आली. अनेक वर्षे साठवलेली माहिती एवढ्या अवधीत उतरवून घेणे सोपे नव्हे. म्हणूनच ‘सेवा बंद झाल्यास किती दिवस मिळतील?’ हा प्रश्न दराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

आगीचा धडा

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत जळून खाक झाले. काही ग्राहकांनी बॅकअपसाठी वेगळे पैसे भरले होते. परंतु त्यांच्या प्रतीही त्याच इमारतीत होत्या. त्यांपैकी एका छोट्या कंपनीने न्यायालयात धाव घेतली आणि २०२३ मध्ये तिच्या बाजूने भरपाईचा आदेश झाला. पैसे मिळाले, जळालेली माहिती मात्र त्याने परत येत नाही. मुंबईच्या पुरातील खणातली सीडी आणि स्ट्रासबुर्गमधील प्रत यांत तत्त्वतः फरक नाही.

या क्षेत्रातील जाणकार ‘तीन-दोन-एक’ हा नियम सांगतात तो यासाठीच. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील किमान एक दुसऱ्या ठिकाणी.

‘सिंक’ म्हणजे बॅकअप नव्हे

ड्रॉपबॉक्स वा गुगल ड्राइव्हचे फोल्डर संगणकाशी जोडले की बॅकअप झाला, असे अनेकांना वाटते. हे फोल्डर मूळ फाइलचे प्रतिबिंब असते. इथे फाइल बिघडली की तिथेही बिघडते. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात जगभरातील संगणकांवरील फायली कुलूपबंद करून खंडणी मागण्यात आली. अशा वेळी कालची, परवाची, महिन्यापूर्वीची आवृत्ती स्वतंत्रपणे जपलेली असेल आणि संगणकावर घुसलेल्या प्रोग्रॅमला ती पुसता येत नसेल, तरच बॅकअपचा उपयोग. काही सेवांत ही कुलपाची किल्ली ग्राहकाकडेच असते. त्यात गोपनीयता अधिक. पण किल्ली हरवली तर सेवादाताही हतबल असतो.

कायदा काय म्हणतो?

हा विषय आता केवळ सोयीचा राहिलेला नाही. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या, म्हणजे छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांनीही, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा, अशी तरतूद ऑगस्ट २०२२ मध्ये नियमांत करण्यात आली. त्यापूर्वी ‘ठरावीक काळाने’ अशी मोघम अट होती. जीएसटी कायद्यानुसारही हिशेब संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. त्यामुळे परदेशी सेवा स्वस्त मिळाली तरी तिचा सर्व्हर कुठे आहे, हे विचारणे भाग आहे.

कसोटी परतीची

एवढे करूनही शेवटचा प्रश्न उरतो : प्रत परत मिळते का? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत चुकून मुख्य माहितीसाठाच पुसला गेला. प्रती काढण्याच्या पाच पद्धती वापरात असूनही ऐनवेळी एकही नीट कामी आली नाही, हे कंपनीने स्वतःच जाहीर केले. सहा तासांपूर्वी एका कर्मचाऱ्याने दुसऱ्या कामासाठी काढलेल्या प्रतीने तिला वाचवले. संगणकतज्ज्ञांनी भरलेल्या कंपनीची ही स्थिती, तर चार संगणकांच्या कचेरीने केवळ ‘बॅकअप यशस्वी’ या संदेशावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

परतीचा वेळही मोजावा लागतो. सेकंदाला २० मेगाबिट वेगाने ५०० जीबी माहिती उतरवायला सुमारे ५५ तास लागतात. तोवर बिले, पगार आणि पुरवठा कशाच्या आधारे चालणार, याचे उत्तर आधी ठरलेले हवे. रोजच्या वापरातील हिशेबाची एक प्रत कचेरीतच, पण एरवी संगणकापासून विलग ठेवलेल्या हार्ड डिस्कवर असली, तर हा खोळंबा टळतो.

उपाय खर्चिक नाही. दर तीन महिन्यांनी एकदा, मागील महिन्यातील एखाद्या तारखेची हिशेबाची फाइल बॅकअपमधून दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहावी. ती उघडली आणि आकडे जुळले, तर दरमहा भरलेल्या पैशांचे चीज झाले. ती उघडली नाही, तर ते पावसाळ्याच्या आधी कळले, एवढे तरी समाधान.